पांढरी पडणारी बोटं

माझी बोटं पहिल्यांदा मेली तेव्हा मी एसटीच्या पायरीत उभी होते. मेली हाच शब्द मला तेव्हा सुचला आणि आजही दुसरा सुचत नाही. थंडीचे दिवस होते, गाडी न्हावऱ्याच्या अलीकडं होती आणि दार नीट लागत नसल्यामुळं वारं सरळ अंगावर येत होतं. तिकिटाचं मशीन धरलेल्या हाताची मधली दोन बोटं वरच्या पेरापासून पांढरीफेक पडली, चुन्यात बुडवून काढल्यासारखी. दाताखाली धरून पाहिलं तर चावलेलं कळेना. शिरूर येईपर्यंत ती निळी झाली, मग लाल, आणि लाल होताना आतून सुया टोचाव्यात अशी ठणकली की मी स्टँडवरच्या नळाशी बसून ओकले.

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे केले. रक्त तपासायला पाठवलं. त्यात दुसरं काही निघालं नाही.

"याला रेनॉड म्हणतात," त्या म्हणाल्या. "गार लागलं की बोटांच्या बारक्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त पुढं जात नाही. तुमच्यामुळं दुसऱ्या कुणाला होणार नाही. पण हात जपावे लागतील."

"जपायचे म्हणजे काय करायचं?"

त्यांनी सांगितलं ते मी आजवर पाळते. हातमोजे गार लागल्यावर घालायचे नाहीत, लागायच्या आधी घालायचे. नुसते हात झाकून भागत नाही, छाती आणि डोकंही ऊबेत पाहिजे. बोटं पांढरी असताना शेकोटीवर धरायची नाहीत आणि कढत पाण्यात तर बुडवायचीच नाहीत, कारण मेलेल्या बोटाला आपण भाजतोय हे कळत नाही. काखेत धरायची, नाहीतर कोमट पाण्यात. हात धुतले की ओलसर असतानाच जाड मलम चोळायचं. झोपताना पुन्हा मलम आणि वर सुती मोजे.

सांगणं सोपं होतं. मी कंडक्टर. दिवसभर नोटा, नाणी आणि गाडीच्या लोखंडी दांड्या. नोटा हातातलं तेल पितात, हे कुणाला सांगून पटणार नाही, पण हे खरं आहे. दुपारपर्यंत कातडी कागदासारखी वाजायला लागायची. नखांच्या कडेला भेगा पडायच्या, ब्लेडनं उभ्या चिरल्यासारख्या, आणि भाकरीच्या पिठातलं मीठ त्यात गेलं की डोळ्यापुढं अंधार यायचा. माझे मिस्टर कारेगावला कंपनीत आहेत. पहिल्या पाळीवरून आले की भांडी तेच घासू लागले, आणि पीठही तेच मळायचे. संध्याकाळी मला समोर बसवून एकेका भेगेत व्हॅसलीन भरायचे, गाडीच्या बेअरिंगला ग्रीस भरतात तसं. मी ओरडले की म्हणायचे, "आता ओरडून घे, उद्या गाडीत ओरडता यायचं न्हाई."

एक दिवसाआड आमची मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी दौंडला जायचं, तिथं थांबायचं आणि पहाटे पहिली गाडी घेऊन इनामगावकडून शिरूरला यायचं. ड्रायव्हर माझ्यापेक्षा बरेच मोठे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला बाई. ते धनगर समाजातले. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, दिवाळीनंतर कोकणात उतरायची. मामांच्या वाटेला थोडी शेती आली आणि मग ही नोकरी. माझे हात पाहून त्यांनी घरी सांगितलं असावं. एकदा त्यांनी मला जुन्या घोंगडीच्या कापडाचे, हातानं शिवलेले मोजे आणून दिले. बोटांची टोकं उघडी ठेवलेली, मशीनची बटणं दाबता यावीत म्हणून. "आमच्या मालकिणीनं शिवलेत," एवढंच बोलले आणि आरसा पुसायला लागले.

त्या पहाटेही ते मोजे माझ्या हातात होते. धुकं एवढं होतं की मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होते. गाडीत नेहमीची माणसं होती: कंपनीत जाणारी पोरं, त्यातली दोघं-तिघं बिहारची, बाजाराला भाजी नेणाऱ्या दोन बायका, एक मास्तर. इनामगावच्या थांब्यावर एक बागायतदार आणि त्यांचा पुतण्या चढले. बागायतदार पन्नाशीच्या पुढचे, अंगानं भरलेले, डोक्याला मफलर. पुतण्या तिशीतला. दोघांना मी आधी पाहिलं होतं, नाव-गाव विचारण्याइतकी ओळख नव्हती.

बागायतदारांनी मोठी नोट दिली. सुट्टे मोजायला मी उजवा मोजा काढला. बोटं पांढरी झाली होती, भेगांमधून लाल दिसत होतं आणि वर मलम चमकत होतं. मी तिकीट आणि उरलेले पैसे पुढं केले. त्यांनी पुढं आणलेला हात मागं घेतला.

"हे काय झालंय हाताला?"

"थंडीनं होतं. लागण होत न्हाई याची."

"तिथं ठेव."

"कुठं?"

"शीटवर ठेव. हातात नको देऊ."

इथं माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची आणि तिच्या लहानपणी मजुरीचे पैसे वरून हातात टाकत. हे ती रडून सांगायची नाही, गेलेल्या पिकाबद्दल सांगावं तसं सांगायची. आता तसं राहिलं नाही, असंही म्हणायची, आणि ते बरंचसं खरं होतं. माझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती. त्या माणसाला माझी जात ठाऊक होती का, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. मी पैसे शीटवर ठेवू शकले असते. बेल मारली असती, गाडी निघाली असती.

"हातातून घ्या," मी म्हटलं.

"महारोग्याच्या हातचं घेऊ व्हय?" ते मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हिला कामावर ठेवलीच कुणी? सगळ्यांनी हिच्या हातची तिकिटं घेतलीत. घरी गेल्यावर हात धुवा."

भाजीवाल्या बायकांपैकी एकीनं तिकीट मांडीवर टाकलं आणि बोटं पदराला पुसली. ती मला रोज हसून बोलायची. ते पुसणं मला त्या माणसाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी हात त्यांच्या तोंडासमोर धरला. "घ्या. माझ्या हातातून घ्या."

त्यांनी हाताला खालून फटका मारला. नाणी छताला लागून खाली पडली, नोटा मागच्या शीटखाली गेल्या. पुतण्या म्हणाला, "पडलेत बघ पायाशी. उचल."

मी बागायतदारांचा मफलर धरला आणि ओढला. ते उठले, माझी मधली दोन बोटं मुठीत पकडली आणि उलटी वाकवली. ते मला अजून दिसतं. माझी बोटं मनगटाकडं वाकत होती, नखाजवळची भेग फाटत मागं जात होती, नख उचकटून उभं राहिलं होतं, आणि मला काहीच दुखत नव्हतं. कुणीतरी माझ्यासमोर काटकी मोडतंय असं वाटत होतं. त्यांनाही ते उमगलं असावं, कारण त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आणखी जोर लावला. मी ओरडावं अशी त्यांची इच्छा होती. मी ओरडले नाही, त्याचं कारण धाडस नव्हतं, माझी बोटं मेलेली होती. पण दुखत नाही म्हटल्यावर भीतीही गेली. डाव्या हातातलं मशीन मी त्यांच्या तोंडावर घातलं. एकदा लागलं तेव्हा कडकन आवाज आला. दुसऱ्यांदा घातलं तेव्हा माझ्या बाहीवर रक्त उडालं.

पुतण्यानं मागून माझे केस धरले आणि डोकं दांडीवर आपटलं. पुन्हा आपटलं. गाडी करकचून थांबली आणि आम्ही तिघंही एकमेकांवर पडलो. मी खाली होते. बागायतदारांचा गुडघा माझ्या छातीवर होता आणि त्यांच्या तोंडातलं रक्त माझ्या गालावर गळत होतं. पुतण्या लाथा घालत होता. एक बरगडीत बसली, एक तोंडावर. बिहारी पोरांपैकी एक ओरडला, "अरे छोड़ो, लेडीज है." मग त्यातल्या दोघांनी मिळून पुतण्याची कंबर धरली.

मामा आपल्या दारानं उतरून, वळसा घालून मागच्या दारानं आत आले. हातात टामी होती, चाक खोलायला वापरतात ती लोखंडी दांडी. ते शांतपणे आले, मला दिसले ते त्यांचे पाय. "सोडा तिला," ते म्हणाले. बागायतदार उठले आणि त्यांनी मामांच्या कपाळावर आपलं डोकं हाणलं. मामांची भुवई फुटली. मग मामांनी टामी फिरवली. ती पुतण्याच्या हातावर बसली, कारण तो तोवर पोरांच्या तावडीतून सुटून मामांच्या गळ्याशी आला होता. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मारामारी तिथंच थांबली. फक्त इंजिन चालू होतं.

मामांनी मागचं दार ओढून लावलं आणि कडी घातली. "आता मधी कुणी उतरायचं न्हाई. गाडी थेट पोलीस ठाण्यात जाईल."

"मामा, माझी शिफ्ट जाईल," एक जण म्हणाला.

"जाऊ दे."

शिरूर येईपर्यंत बागायतदार फोनवर कुणाकुणाला बोलावत होते आणि खिडकीबाहेर रक्त थुंकत होते. मी माझ्या शीटवर बसले होते. एक डोळा सुजून मिटला होता. ती भाजीवाली उठली, खाली वाकून सगळे पैसे गोळा केले आणि माझ्या पिशवीत घातले. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

ठाण्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि बोटांत रक्त परतलं.

त्याआधी मी दोन बाळंतपणं केली होती. ते दुखणं येतं आणि जातं, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवतं. हे तसं नव्हतं. गाडीत जे जे झालं होतं, वाकवणं, फाटणं, नख उचकटणं, ते सगळं एकाच वेळी माझ्या हाताला कळलं. मी पायरीवरच खाली कोसळले आणि ओरडायला लागले. एक महिला पोलीस धावत आली. तिनं कुणाच्यातरी हातातला चहाचा गरम पेला काढून घेतला आणि माझी बोटं त्याला लावायला लागली. मी तिला ढकललं. ती चिडली. मग मला बोलता येईना म्हणून मामांनी सांगितलं, "गरम न्हाई चालत. काखंत धरू द्या." मी दोन्ही हात काखेत घातले आणि गुडघ्यात डोकं घालून पुढं-मागं होत राहिले. स्वेटर आतून ओला होत गेला. ते रक्त कोमट होतं, आणि खरं सांगते, त्या कोमटपणानंच जरा बरं वाटलं.

सरकारी कामात अडथळा आणि मारहाण, असा गुन्हा नोंदवला गेला. बागायतदारांनी मामांवर उलटी तक्रार दिली, कारण पुतण्याच्या हाताचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात माझी तपासणी झाली तेव्हा जखमा साध्या लिहिल्या गेल्या, आणि त्या दिवशी त्या साध्याच दिसत होत्या. पण माझ्या बोटांना रक्त वेळेवर पोहोचत नाही, त्यामुळं दुसऱ्याची आठवड्यात भरली असती ती जखम माझी भरेना. मधल्या बोटाचं टोक आधी जांभळं झालं, मग काळं. डॉक्टरीणबाईंनी रक्तवाहिन्या सैल करायची गोळी वाढवली, त्यानं डोकं गरगरायचं. मिस्टर रोज कोमट पाण्यानं जखम धुवायचे, पट्टी बांधायचे, पट्टीवर मोजा, मोज्यावर लोकरीची पिशवी. उन्हाळा लागला तेव्हा एके दिवशी पट्टीबरोबर काळं टोक निघून आलं, वाळलेल्या शेंगेचा देठ गळावा तसं. खाली नवी गुलाबी कातडी होती. मिस्टरांनी ते टोक कागदात गुंडाळलं आणि काय करावं न कळून बराच वेळ हातात धरून बसले. शेवटी परसात पुरलं.

मी कामावर परतले तेव्हा त्याच रस्त्यावर दोघांनी मोटारसायकल आडवी घातली. मामांनी ब्रेक लावायच्या आत दगड आला आणि समोरची काच फुटली. काचेचे तुकडे मामांच्या मांडीवर, हातांवर. दुसरा दगड माझ्या खिडकीच्या गजाला लागून परत गेला. मामांनी गाडी थांबवली नाही. मोटारसायकलवाले शेतात उड्या टाकून पळाले आणि मोटारसायकल बंपरखाली फरफटत गेली. ती मोटारसायकल चोरीची निघाली आणि दगड मारणारे सापडले नाहीत.

खटला उभा राहीपर्यंत मामा निवृत्त झाले. त्यांच्यावरची तक्रार मिटत नाही तोवर त्यांचे निवृत्तीचे पैसे अडकून राहणार, असं दिसत होतं. एका दुपारी त्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. पाणी प्यायल्या, चहा प्यायल्या, माझा हात हातात घेऊन आखूड झालेलं बोट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही कोर्टात म्हणा की नीट आठवत न्हाई. गर्दी व्हती, धुकं व्हतं. ती लोकं म्हणतात, तुम्ही तसं म्हणला तर तेबी आमच्यावरची तक्रार सोडतील."

"मामांनी पाठवलंय का तुम्हाला?"

"न्हाई. त्यास्नी ठाव न्हाई."

मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी मिस्टरांनी व्हॅसलीन चोळलं तेव्हा त्यांचा हात जड होता.

दोन दिवसांनी मामा डेपोत आले. मी कॅशला पैसे भरत होते. मला त्यांनी सगळ्यांदेखत बाहेर बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता.

"साक्ष फिरवणार म्हणं तुम्ही."

"मामा, तुमचे पैसे..."

"मी टामी उचलली ती तुमच्यासाठी उचलली असं वाटतं का तुम्हाला? माझ्या गाडीत बाईला तुडवत व्हते म्हणून उचलली. तुमच्या जागी दुसरी कुणी असती तरी उचलली असती. तुम्हाला भ्या वाटत आसंल तर फिरवा साक्ष. पण माझ्या नावावर नका टाकू."

"भीती नाही वाटत मला."

"मग झालं तर." ते जायला निघाले, परत वळले. "आन् आमच्या मालकिणीवर रागवू नका. तिला हिशेब कळतो, मला कळत न्हाई."

मी साक्ष दिली. समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुमचा आजार संसर्गजन्य आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही हातमोजे का घालता?"

"थंडी वाजते म्हणून."

त्यांनी पुष्कळ फिरवून फिरवून विचारलं, आधी हात कुणी उचलला, मशीन किती वेळा मारलं. मी जसं झालं तसं सांगितलं. दोनदा मारलं, दुसऱ्यांदा जास्त जोरात मारलं. मामांनीही टामी मारल्याचं कबूल केलं. बिहारी पोरं गावी निघून गेली होती. मास्तरांना काही आठवत नव्हतं. ती भाजीवाली मात्र आली. तिनं पदराला बोटं पुसल्याचंसुद्धा सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

पुढं कधीतरी बागायतदारांनी गुन्हा कबूल केला. वकिलानं तसं सुचवलं असावं. पुतण्या तोवर बाहेरगावी होता, त्याचं प्रकरण वेगळं चाललं आणि अजून चाललंय. बागायतदारांना दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. त्यांनी मामांवरची तक्रारही मागं घेतली, आणि मामांचे पैसे मिळाले. मामांनी त्यातून शेरडं घेतली, आता ती घेऊन घोड नदीच्या काठानं हिंडतात.

कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माणसानं कोर्टात संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. तेवढंच. बागायतदार मागच्या बाकावर बसले. मी रजा टाकली होती, मीही दुसऱ्या टोकाला बसले. मिस्टर म्हणाले, "चल, झालं ना आता." मी त्यांना कामावर पाठवलं.

इतर लोकांचे खटले चालत होते, भाऊबंदकीचे, बांधाचे, चेक परत आल्याचे. पंखा फिरत होता आणि मी हात काखेत धरून बसले होते. बागायतदारांचे पुढचे दात नवे होते, जरा जास्तच पांढरे. दुपारी त्यांच्या मुलानं दारातून डब्याची पिशवी दाखवली, शिपायानं त्याला हटकलं. ते पाय बदलत राहिले, एकदा पेंगले, शिपायानं बाक वाजवून जागं केलं. मला वाटलं होतं की त्यांना तसं पाहून माझ्या आत काहीतरी खाली बसेल. तसं काही होत नव्हतं. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला लघवीला जायची परवानगी मागताना मी पाहिलं, एवढंच.

कोर्ट उठलं. ते गुडघ्यांवर हात देऊन उभे राहिले आणि बाहेर जाताना माझ्यापाशी थांबले. पहिल्यांदाच ते माझ्याशी हळू बोलले.

"झालं का समाधान?"

"न्हाई," मी म्हटलं.

ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले. मी ते दिसेनासे होईपर्यंत थांबले आणि मग स्टँडवर गेले. तळेगाव ढमढेरेची गाडी लागली होती. तिच्या कंडक्टरला ताप भरला होता, म्हणून माझी रजा असूनही मी पिशवी घेतली, हाताला मलम चोळलं आणि बेल मारली.